रक्तात राहिलेलं

“मावशी, तुम्हाला मुलं किती?”

डॉक्टर मुजावर बाईंनी हे तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा माझी धाकटी मुलगी सारिका चिडली. “मॅडम, सांगितलं की. दोघी. थोरली वैशाली नाशिकला असते, धाकटी मी ही समोर बसलेय. दोघींचं रक्त तुम्हीच घेतलंय.”

“दोघी मुलीच?”

“आता ते तुमच्या कागदावर बघा,” सारिका म्हणाली.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी समोरचा पडदा थोडा फिरवला आणि माझ्याकडं बघत आवाज खाली आणून विचारलं, “दोघींच्या नंतर काही राहिलं होतं का, मावशी? राहून मग गेलेलं?”

मी म्हटलं, “सारिका, जरा बाहेर बस.”

“आई, मी शेहेचाळीस वर्षांची आहे.”

“व्हय. तरी बस जा.”

ती गेली. दार आपोआप लागलं. मग त्रेचाळीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं ते मी त्या परक्या बाईला सांगितलं. एवढं वर्षानुवर्षं उचललेलं, आणि खाली ठेवायला सात-आठ वाक्यंच लागली, याचं मलाच नवल वाटलं.

साल दोन हजार एक. दोन मुलींवर मला पुन्हा दिवस गेले. सासूबाई म्हणाल्या, आधी बघून घेऊ. सीमेपलीकडच्या एका गावात एक डॉक्टर बघून द्यायचा. कायद्यानं बंदी होती, म्हणून तोंडानं काही बोलायचा नाही. चिठ्ठीवर निळी रेघ मारली की मुलगा, लाल मारली की मुलगी. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं, पण रंग कळत होता. रेघ लाल होती. दुसऱ्या दिवशी तिथंच मोकळं केलं. चौथा महिना सरत आला होता.

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “मावशी, ती रेघ चुकीची होती.”

मला रक्ताचा कर्करोग आहे हे तीन आठवड्यांपूर्वी कळलं होतं. तासगावच्या बाजूला बेदाण्याच्या शेडवर मी चाळीस वर्षं निवडणीला होते, आणि एकोणसत्तराव्या वर्षीही हात चालत होता म्हणून जात होते. आता शेडचं काम पूर्वीसारखं राहिलेलं नाही. द्राक्षं बुडवायचं पाणी पूर्वी बोटांची सालं काढायचं. आता ते झाडांच्या रसातून करतात, लहान मुलाच्या हाताला लागलं तरी चालतं. आभाळ भरून आलं तरी मिठाच्या विटांत साठवलेल्या उन्हावर जाळीवरचा माल वाळत राहतो. पण निवडणी अजून बायकांच्याच हातात आहे. यंत्र काळा दाणा काढतं, मात्र देठाची बारीक काडी त्याला अजून नीट धरता येत नाही.

दिवाळीनंतर खोकं उचललं की दंडावर निळे डाग उठायला लागले. गावातल्या आरोग्य केंद्रात पेटी आहे, त्यात बोटातलं थेंबभर रक्त टाकलं की चिठ्ठी बाहेर येते. चिठ्ठी वाचून तिथल्या बाईंनी मला पाणी दिलं आणि सारिकाला फोन लावला. सारिका तासगावात कोल्ड स्टोरेजवर सुपरवायझर आहे. तिनं मला दुसऱ्या दिवशी मिरजेला आणलं.

आणि आता डॉक्टर मुजावर मला पडद्यावर ठिपके दाखवत होत्या.

“पोटात मूल असतं तेव्हा वारेतून आईच्या अंगातलं अन्न मुलाला जातं, हे तुम्हाला माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “पण तो रस्ता दोन्ही बाजूंनी चालू असतो. मुलाच्याही थोड्या पेशी आईच्या रक्तात उतरतात. बऱ्याच मरून जातात. काही आईच्या हाडाच्या मगजात, यकृतात, काळजात घर करतात आणि तिथंच राहतात. तीस वर्षं, चाळीस वर्षं. मूल जन्मलं नाही तरी राहतात. हे पन्नास वर्षांपूर्वीच शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं होतं, पण त्यांचं करायचं काय हे कळत नव्हतं. तुमच्या रक्तातल्या एक लाख पांढऱ्या पेशी आमच्या यंत्रानं एकेक करून वाचल्या. त्यांतल्या सात तुमच्या नाहीत. दोन वैशालीताईंच्या, एक सारिकाताईंची. उरल्या चार.”

लाखात सात म्हणजे काय हे मला सांगावं लागलं नाही. पंधरा-पंधरा किलोची तीन-चार खोकी निवडली की लाखभर दाणा बोटांखालून जातो. त्यात दुसऱ्या वेलीचा एखादा दाणा आला तर डोळ्यांना दिसायच्या आधी तो बोटाला लागतो. आम्ही बायका बोलत असतो, हसत असतो, आणि बोट आपोआप थांबतं.

“आणि मुलगा कशावरून?” मी विचारलं.

“प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. शेवटच्या जोडीवरून कळतं. ह्या चारही पेशी मुलाच्या आहेत. त्यांतलं निम्मं तुमचं आहे, आणि निम्मं तुमच्या मुलींच्या वडलांचं.”

मग त्यांनी उपचार सांगितला. पूर्वी असल्या कर्करोगात दुसऱ्या माणसाच्या हाडातला मगज घालायचे. त्या पेशी कर्करोगाला मारतात, पण रोग्याच्या चांगल्या अंगालाही परकं समजून कुरतडतात. म्हाताऱ्या माणसाला ते सोसत नाही. माझ्या स्वतःच्या लढणाऱ्या पेशी थकलेल्या. मुलींच्या अंगातून ताज्या घ्याव्यात तर त्यांना माझं अंग परकं. माझ्यात राहिलेल्या मुलींच्या तीन पेशी जुन्या झालेल्या, वाढणाऱ्या नव्हेत. ह्या चार मात्र मूळ पेशी होत्या. एकीच्या दोन, दोनाच्या चार होऊ शकणाऱ्या.

“त्रेचाळीस वर्षं त्या तुमच्यात राहिल्यात,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “तुमचं अंग त्यांना ओळखतं, आणि त्या तुमच्या अंगाला. त्यांना फक्त कर्करोगाची खूण शिकवायची. जनुकातला एक तुकडा कापायचा, तिथं दुसरा जोडायचा. मग पिशवीत वाढवायच्या. तीन आठवड्यांत काही कोटी होतात. मग तुमच्या शिरेतून परत तुमच्यात.”

मी मान हलवत होते, पण माझं लक्ष दुसरीकडंच होतं.

सरळ सांगायचं तर मला ना आनंद झाला, ना संताप आला. मला वाटलं, माझी पोरगी हरवली. त्या लाल रेघेनंतर मी एक मुलगी मनात वाढवली होती. वैशाली-सारिकाच्या खालोखालची. त्या दोघी शाळेला निघाल्या की ही मागं लागायची. हिचे केस दाट, चालणं भरभर. पहिलीत गेली तेव्हा डाव्या हातानं लिहायची म्हणून मास्तरांचा मार खाल्ला. लग्न उशिरा केलं. ह्या वर्षी ती बेचाळीस पुरी करणार होती. शेडवर मी निवडायला बसले की डाव्या बाजूला हातभर जागा सोडायची. बायका म्हणायच्या, “मालन, तिथं काय तुझी सवत बसणार हाय का?” मी म्हणायची, “बसली तर बसू दे, हात तरी चालवंल.” आणि बोटं चालवत मी त्या जागेशी मनातल्या मनात बोलायची. नवऱ्याशी बोलले नसेन तेवढं तिच्याशी बोलले.

आता हे यंत्र म्हणत होतं, ती कधी नव्हतीच. मग मी एवढी वर्षं कुणाशी बोलत होते?

“एक अडचण आहे, मावशी,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “न जन्मलेल्या मुलाच्या पेशी औषधासाठी वाढवायच्या असतील तर नव्या कायद्यानं आई आणि वडील दोघांची संमती लागते. काही लोकांनी याचा बाजार मांडला होता, म्हणून कायदा कडक केला. तुमचे मिस्टर आहेत ना?”

“हायेत.”

“मग त्यांना सगळं समजावून सांगून त्यांची सही घ्यावी लागेल. कागदावर मूल कितवं, साल कुठलं, मुलगा की मुलगी, सगळं लिहिलेलं असतं.”

“आणि न्हाई दिली सही?”

“मंडळाकडे अर्ज करता येतो. निकालाला तीन महिने लागतात.”

“माझ्याकडं किती हायेत?”

त्यांनी टेबलावरचा कागद सरळ केला. “दीड,” त्या म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये सारिकानं खिडकीची जागा मला दिली आणि म्हणाली, “बोल आता.”

मी बोलले. ती ऐकत राहिली. बस बिनआवाजाची, त्यामुळं हळू बोलावं लागत होतं.

“म्हणजे माझ्यावर अजून एक मुलगी नको, म्हणून,” ती म्हणाली.

“व्हय.”

“आणि माझ्या वेळी?”

खोटं बोलायचं वय राहिलं नव्हतं. “तुझ्या वेळी ते यंत्र आपल्या वाटंवर आलं नव्हतं.”

दोन थांब्यांनंतर तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढून माझ्या मांडीवर ठेवली. “गोळीची वेळ झाली. घे.” मी गोळी घेतली. “आप्पांना मी सांगू का?” तिनं विचारलं.

“नको. ते माझं काम.”

“ते रडतील बघ. मुलगा होता म्हटल्यावर रडतील. मुलगी गेली म्हणून त्यांच्या डोळ्यांत टिपूस बघितलंयस का कधी?”

मला नेमकी तीच भीती होती. मरणाची भीती वेगळी. ती सगळ्यांना असते आणि तिची सवय होते. पण निवृत्ती ऐवळे नावाचा माझा नवरा कागदावरचा तो एक शब्द वाचून ऊर बडवायला लागला, तर त्यानं वाचवलेलं आयुष्य त्याच्यासोबत काढायची माझी तयारी नव्हती. लाल रेघेसाठी ज्यानं हूं की चूं केलं नाही, त्यानं निळ्या रेघेसाठी रडलेलं मला बघायचं नव्हतं. त्यापेक्षा दीड महिना पुरे होता.

चार दिवस मी तो कागद डब्यांच्या मागं ठेवला. सारिका रोज फोन करायची, रोज मी म्हणायची, आज बोलते. पाचव्या दिवशी फोनवर ती एवढंच म्हणाली, “आई, पाचवा दिवस.” मी म्हटलं, “ठेव आता. निघाले.”

माझे मालक पूर्वी टेम्पो चालवायचे. द्राक्षाचा, बेदाण्याचा माल वाहायचे. आता फाट्यावर गाड्यांच्या बॅटऱ्या बदलायचं ठेसन आहे, तिथं राखणीला बसतात. मिठातल्या सोडियमपासून केलेल्या त्या बॅटऱ्या. गाडी आत येते, यंत्र रिकामी काढून भरलेली बसवतं, चहा प्यायच्या आत गाडी पुढं. मालकांना त्याचं कौतुक नाही. “वास न्हाई, धूर न्हाई, ती गाडी कसली,” म्हणतात. घरात आमचं बोलणं कामापुरतं. दळण, औषध, लाईट. ते बाहेर बाजेवर, मी आत. भांडण असं नव्हतं. दोन हजार एकनंतर मला पुन्हा दिवस गेले नाहीत. सासूबाईंनी त्यांच्यामागं दुसऱ्या लग्नाचा लकडा लावला, तो त्यांनी ऐकला नाही. त्या ऐकू येईल असं मला वांझोटी म्हणायच्या, दोन पोरींच्या आईला. मला वाटायचं, आळशी माणूस, दुसरा संसार कोण मांडणार म्हणून केलं नसेल.

मी दुपारी डबा घेऊन गेले.

“आज तू आलीस? पाय चालतात वाटतं.”

“चालतात.”

त्यांनी डबा उघडून दोन घास खाल्ले. “कालवण खारट झालंय.”

“मग ठेवा.”

“ठेवतो कशाला,” म्हणून सगळं खाल्लं. हात धुतले. मग मी कागद काढला. “ह्याच्यावर सही पाहिजे तुमची. माझ्या औषधाला लागतीया. आधी वाचून घ्या.”

त्यांनी चष्मा लावला. ते सातवीपर्यंत शिकलेले, पण वाचताना अजून ओठ हलतात. अपत्य क्रमांक तीन. गर्भ, वर्ष दोन हजार एक. लिंग, पुरुष. तिथं त्यांचे ओठ थांबले. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. ते कसं फुटतं ते बघायलाच मी आले होते.

ते फुटलं नाही. त्यांनी चष्मा काढला, घडी घातली, खिशात ठेवला.

“कळलं व्हय तुला,” ते म्हणाले.

मला आधी अर्थच लागला नाही. “तुमाला ठावं हुतं?”

एक गाडी आत आली. तिची बॅटरी बदलून ती जाईपर्यंत ते उभे राहिले, चालकाला हात केला, मग परत येऊन माझ्याशेजारी बाकावर बसले.

“तिथल्या बाईनं फडक्यात बांधून माझ्या हातात दिलं,” ते म्हणाले. “वाटंत कुठंबी टाक म्हणाली. तू मागं हौद्यात गुंगीत पडलीवतीस. मला टाकवंना. एका ओढ्यापाशी गाडी लावली, टेम्पोच्या पान्यानं खड्डा केला. ठेवायच्या आधी वाटलं, थोरल्या दोघींची तोंडं जन्मल्या जन्मल्या बघितली, हिचं बी बघावं. म्हणून सोडलं फडकं.”

म्हणजे लाल रेघ खोटी, हे त्यांना तिथंच दिसलं होतं.

“आईला सांगितलं नाहीसा?”

“कुणालाच न्हाई.”

“मला?”

“तुला काय सांगणार? चुकलं म्हणून?” ते समोरच्या रस्त्याकडं बघत होते. “चुकलं म्हंजे काय, मालन? रेघ बरोबर निघाली असती, तर आपलं बरोबर झालं असतं का?”

चार दिवस मी जे बोलणं पाठ करत होते ते सगळं त्यांनीच बोलून टाकलं होतं. मी म्हटलं, “हे शहाणपण आदल्या दिवशी कुठं गेलंवतं?”

“आदल्या दिवशी नव्हतंच. ते ओढ्यावर आलं.”

मी पेन पुढं केलं. त्यांनी घेतलं नाही.

“मी सही करणार न्हाई.”

“का?”

“कुठल्या तोंडानं करू? बाप म्हणून? जगायची त्याची वेळ हुती तवा आपण त्याला जगू दिलं न्हाई. आता आपली वेळ आलीया तर त्याला कामाला लावायचं? तू जगावीस असं मला लई वाटतं, मालन. पण ह्यो मार्ग नको. दुसरं काय औषध असंल ते आपण करू.”

“दुसरं न्हाई.”

“असंल.”

“न्हाई म्हटलं ना.”

ते उठून उगीच बॅटऱ्यांच्या कपाटाकडं गेले, दिवे बघितले, परत आले. चाळीस वर्षं मी ज्यांना दगड समजत आले ते गृहस्थ माझ्यासमोर उभे होते, आणि माझा जीव वाचवायलाही त्या पोरावर अजून एक जुलूम नको म्हणत होते. मला त्यांचा राग यायला हवा होता. मला ते आवडले. एवढ्या उशिरा.

“बसा,” मी म्हटलं. “माझं ऐका. डॉक्टरबाई म्हणाल्या, त्या चार पेशी आहेत, चारच. त्रेचाळीस वर्षं तेवढ्याच्या तेवढ्या, माझ्या हाडात अंग चोरून बसलेल्या. मला बरं करायला म्हणून वाढवू नका. माझं काय व्हायचं ते होऊ दे. पण पिशवीत का होईना, काचेमागं का होईना, एकदा त्याला वाढू दे. मला तेवढं बघायचंय. आपल्या हातानं त्याला एकदा तरी वाढू दे म्हणा.”

ऊन बाकाच्या पायापर्यंत आलं. मग त्यांनी खिशातून चष्मा काढून पुन्हा लावला आणि कागद मांडीवर घेतला.

“इथं नाव विचारलंय,” ते म्हणाले. “ठेवलं असेल तर.”

“मुलाचं न्हाई ठेवलं.”

“तू कुणाशीतरी बोलायचीस की. शेडवर. मी माल भरायला यायचो तवा बघायचो. ओठ हलायचे तुझे, डाव्या अंगाला बघून. काय म्हणायचीस तिला?”

हे नाव मी सारिकालाही सांगितलं नव्हतं.

“बकुळा,” मी म्हटलं.

“तेच लिही.”

“कागदावर पुरुष लिहिलंय. हसतील.”

“हसू देत. आईनं ठेवलंय ते नाव.”

मी लिहिलं. माझं अक्षर मोठं आहे, रकान्यात मावलं नाही, शेवटचा काना रेषेबाहेर गेला. त्याच्याखाली त्यांनी सही केली. फोनसमोर तोंड धरून कायद्याला लागते ती संमती दिली, आणि मग फोन खिशात ठेवताना दोनदा चुकले.

पुढचं सगळ्यांसारखंच झालं. पिशवी माझ्या शिरेला लावली. तीन दिवस ताप चढला, उतरला. दीड महिन्याची मुदत संपून आता दोन वर्षं झाली आहेत. त्या पेशी अजून माझ्यात आहेत का, हे दर तीन महिन्यांनी बघतात. आहेत. पूर्वीपेक्षा बऱ्याच जास्त. शेडवर जाणं मात्र थांबवलं. ह्या सगळ्यात मी बरी झाले ह्यापेक्षा मला त्याआधीचा एक बुधवार जास्त आठवतो.

पेशी पिशवीत वाढायला ठेवल्यापासून रोज सकाळी प्रयोगशाळेतून फोनवर एक आकडा यायचा. तो माझ्या फोनवर यायचा, पण वाचायचे मालक. बाजेवरून उठून आत यायचे, दारातच उभे राहायचे. “आज नऊ हजार,” म्हणायचे. “आज अकरा लाख.” एक दिवस आकडा दुपारपर्यंत आला नाही, तर ठेसनावरून चालत घरी आले, आणि यंत्र दुरुस्तीला होतं एवढंच कारण आहे हे डॉक्टरबाईंनी स्वतः सांगेपर्यंत पाणीही प्यायले नाहीत. संध्याकाळी सारिका आली तर तिला म्हणाले, “तू झालीस तवा मी तीन दिवस परमुलखात माल घेऊन गेलतो. तुला बघायला उशीर झाला.” ती म्हणाली, “माहीत आहे, आप्पा.” ते म्हणाले, “ते बरं झालं न्हाई.” त्या रात्रीची भाकरी तिनंच केली आणि त्यांच्या ताटात पहिली घातली.

सोळाव्या दिवशी, त्या बुधवारी, डॉक्टरबाईंनी आम्हाला बघायला बोलावलं. मालकांनी धुतलेला सदरा घातला. प्रयोगशाळा मिरजेच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आहे. आत जाता येत नाही, जाड काचेतून बघायचं. काचेपलीकडं पांढरे कपडे घातलेली एक बाई काम करत होती. तिच्यासमोर एका पाटावर उशीएवढी पिशवी, आत गुलाबी पाणी. पिशवीवर चिकटवलेल्या कागदावर आकडे होते आणि आकड्यांच्या खाली माझं मोठं अक्षर, जसंच्या तसं उतरवलेलं. तो पाट एका बाजूला कलायचा, थोडा थांबायचा, मग दुसऱ्या बाजूला. आतलं पाणी हळूच इकडून तिकडं जायचं.

“सारखं हलवावं लागतं,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “नाहीतर पेशी तळाला बसतात, त्यांना हवा मिळत नाही, त्या मरतात. दिवसरात्र चालू असतं.”

“दिवसरात्र,” मालक म्हणाले.

ते काचेला लागूनच उभे राहिले. आतल्या बाईनं हातानं मागं व्हा अशी खूण केली, तर एक पाऊल मागं झाले, आणि जरा वेळानं पुन्हा पुढं. मी बाकावर बसून त्यांच्याकडं बघत होते. म्हातारपणानं त्यांची मान पुढं आली आहे. पाट ज्या बाजूला कलेल त्या बाजूला ती मान थोडी कलायची, त्यांच्या नकळत. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. डॉक्टरबाईंना खाली दुसरे रोगी होते, तरी त्या थांबल्या होत्या.

मग मालक वळले. काही विचारायचं धाडस होत नसावं, कारण आधी माझ्याकडं बघितलं, मग त्यांच्याकडं.

“डॉक्टरबाई,” ते म्हणाले, “ते जरा हळू हलवता येईल का?”